आधी हात, मग स्मरण: सीपी असलेल्या मुलाचा संगणकावरचा स्मृतीसराव घरी कसा बसवायचा

पहिल्या आठवड्यात माझा लेक टॅबवरच्या खेळात सलग चार दिवस हरला. चौकटींत बेडूक उजळायचे, ज्या क्रमाने उजळले त्याच क्रमाने दाबायचे. तीन बेडकांवरून तो दोनांवर आला, दोनांवरून एकावर. पाचव्या दिवशी मी स्क्रीनकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत बसले. त्याची नजर बरोबर वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली आणि तिथेच थांबली. मग हात उचलला, खांदा ताठरला, कोपर बाहेर फेकलं गेलं आणि बोट खालच्या चौकटीवर आपटलं. चुकल्याचा आवाज आला. "आई, मला माहीत होतं," तो म्हणाला. त्याला खरंच माहीत होतं. खेळ त्याच्या हाताचे गुण मोजत होता आणि ते स्मरणशक्तीच्या नावावर मांडत होता.

सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली आणि तोल बिघडतो ती अवस्था), म्हणजे आपण पालक ज्याला सीपी म्हणतो, असलेल्या मुलाकडून असा सराव करून घ्यायचा असेल तर आधी शरीर, मग यंत्र, मग खेळ आणि त्यानंतर घर, असं जावं लागतं. मी सुरुवात खेळापासून केली आणि आमचे दोन महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

कुठली स्मृती?

मागच्या गणपतीला कोण कोण आलं होतं, मामाने काय आणलं होतं, हे माझ्या लेकाला माझ्यापेक्षा चांगलं आठवतं. त्याचं अडतं दुसरीकडे. "बाथरूममधून टॉवेल आण आणि येताना कंगवा घे" असं सांगितलं की वॉकर ढकलत तो बाथरूमच्या दारापर्यंत जातो आणि तिथून विचारतो, "काय आणायचं होतं?" काही सेकंद एखादी गोष्ट डोक्यात धरून ठेवायची आणि त्याच वेळी तिच्याशी काहीतरी करायचं, ही कार्यस्मृती. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. ऐकलेलं धरणारा एक भाग, पाहिलेलं आणि त्याची जागा धरणारा दुसरा, आणि या दोघांना कामाला लावणारा तिसरा. आपल्या मुलाचा कुठला भाग कच्चा आहे ते कळलं की निम्मं काम सोपं होतं, कारण खेळ त्यावरूनच निवडायचा असतो.

सीपीत हे का होतं? फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत पोकळ्यांच्या भोवतालच्या पांढऱ्या भागाला इजा होऊ शकते. पायांना आज्ञा नेणारे तंतू तिथूनच जातात, म्हणून पाय ताठ होतात. मेंदूच्या भागांना एकमेकांशी जोडणारे इतर तंतूही त्याच वाटेवर असतात. शिवाय शरीरच लक्ष खातं. तुम्ही-आम्ही खुर्चीत बसतो ते आपल्याला कळतही नाही. माझ्या लेकाला मात्र बसून राहणं हेच एक काम असतं. त्या कामातून जेवढं लक्ष उरेल तेवढंच बेडकांना मिळणार.

प्रत्येक मुलाला ही अडचण असतेच असं नाही. सीपीविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सीपी असलेल्या साधारण दोघांपैकी एकाला बौद्धिक अडचण असते, चौघांपैकी एकाला बोलता येत नाही, चौघांपैकी एकाला फिट येतात आणि चौघांपैकी तिघांना कुठेतरी दुखत असतं. शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त लागला. दुखत असलेलं मूल चुका करतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही.

किती आशा धरायची

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी २००२ मध्ये एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलांवर संगणकाच्या सरावाचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या कामातून 'कॉगमेड' हा कार्यक्रम उभा राहिला. त्याचा नेहमीचा साचा असा: आठवड्याला पाच दिवस, पाच आठवडे, म्हणजे २५ सेशन, आणि शाळकरी मुलांना एका वेळी अर्धा ते पाऊण तास. मूल बरोबर करत गेलं की खेळ आपोआप कठीण होतो, चुकलं की सोपा. नॉर्वेत फार कमी वजनाच्या जन्मलेल्या, बालवाडीच्या वयाच्या २० मुलांवर असाच सराव तपासला गेला. सरावात नसलेल्या काही स्मृतीचाचण्यांतही ती मुलं पुढे गेली, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

पण त्याच वर्षी मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. सरावासारख्याच कामांत मुलं थोडा काळ सुधारतात, मात्र त्यातून वाचन, गणित किंवा बुद्धी वाढते याला आधार मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी दोन्ही गोष्टी मानते. स्क्रीनवर कमावलेलं आपण होऊन वहीपर्यंत चालत जात नाही, ते हाताला धरून न्यावं लागतं. ते कसं, ते पुढे येईलच.

म्हणून "बुद्ध्यांक वाढेल" असं सांगून कोणी तीन महिन्यांचं पॅकेज पुढे केलं तर पैसे भरू नका. आम्ही एका ठिकाणी भरले होते. तिथे लेकाला कसल्याही आधाराविना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचे आणि समोर माउस ठेवायचे.

सुरुवातीआधी: फिट, डोळे, कान

मुलाला पूर्वी कधीही फिट आली असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय स्क्रीनचा रोजचा सराव सुरू करू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारे खेळ सरळ बाद करा. फिटच्या गोळीनंतर मूल पेंगत असेल तर ती वेळ सोडून द्या.

डोळ्यांच्या बाबतीत नंबर काढून थांबू नका. सीपीत डोळा चांगला असूनही मेंदूला चित्र उलगडत नाही असं होऊ शकतं, त्याला सीव्हीआय म्हणतात. अशा मुलाला गर्दीच्या चित्रात काही सापडत नाही, काळ्यावर पिवळं मात्र सापडतं. ते वस्तूकडे बघतं, नजर वळवतं आणि मग हात नेतं. डॉक्टरांना सीव्हीआयबद्दल नाव घेऊन विचारा. एकाच बाजूचं दिसत नाही असंही असू शकतं. तसं असेल तर चौकटी दिसणाऱ्या बाजूला सरकवाव्या लागतात.

जन्मानंतर खूप कावीळ झालेल्या, हातापायांच्या अनावर हालचाली असलेल्या मुलांची ऐकण्याची तपासणी चुकवूच नका. त्या काविळीने कानाकडून मेंदूकडे जाणारी वाटही बिघडू शकते.

मुंबईत यासाठी फार वणवण करावी लागत नाही. परळचं वाडिया बाल रुग्णालय, ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, पुनर्वसनासाठी हाजी अलीची केंद्र सरकारी संस्था, आणि ओटीसाठी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) केईएम, शीव, नायर ही पालिकेची रुग्णालयं. १९७२ मध्ये सीपी असलेल्या मुलांसाठीच्या स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची सुरुवात याच शहरात झाली. आता तिचं नाव अडॅप्ट आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात सीपी येतं, संरक्षण एक लाखापर्यंत असतं आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. फॉर्म भरताना कंटाळा येतो, तरी भरा.

बसणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमचा एक अख्खा आठवडा यात गेला आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला.

नितंब खुर्चीच्या पाठीला टेकलेले हवेत. ते पुढे घसरले की पाठ वाकते, मान पुढे येते आणि हात अडकतो. मांड्यांवरून रुंद पट्टा घ्या. पोटावर आवळू नका. पाय लोंबकळता कामा नयेत. सीपी चेअर नसेल तर पायांखाली जाड पुस्तकांचा किंवा थर्मोकोलचा ठोकळा चिकटपट्टीने पक्का करा. आम्ही जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या वापरल्या. टेबल कोपराच्या उंचीवर असावं आणि दोन्ही कोपरं त्यावर टेकावीत. जो हात खेळणार नाही त्याला धरायला काहीतरी द्या, टेबलाला घट्ट बसवलेली दांडी असली तर उत्तमच. तो हात स्थिर झाला की खेळणारा हात आपोआप शांत होतो.

स्क्रीन बरोबर मधोमध ठेवा. काही मुलांत मान एका बाजूला वळली की त्याच बाजूचा हात सरळ ताठ होतो आणि दुसरा दुमडतो. स्क्रीन बाजूला असेल तर मूल तिकडे वळेल, हात ताठेल आणि तुम्ही म्हणाल, हट्ट करतोय. टॅब आडवा ठेवू नका, थोडा तिरका उभा करा आणि खाली न घसरणारी रबरी जाळी घाला. कपाटांत अंथरतात तीच चालते.

बसवून झालं की मुलाला विचारा, कुठे दुखतंय का. बोलत नसेल तर चेहरा बघा.

हात आणि यंत्र

आता सेटिंग्ज. अँड्रॉइड टॅबमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतं, आयपॅडमध्ये 'टच अकोमोडेशन्स'. आयपॅडवर बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा ते ठरवता येतं. ओझरतं लागलेलं बोट मोजलंच जात नाही आणि थरथरून दोनदा लागलेलं एकदाच धरलं जातं. लॅपटॉपवर हेच काम कीबोर्डसाठी 'फिल्टर कीज' करतं. तळहात लागून खेळ बंद होत असेल तर अँड्रॉइडवर 'अ‍ॅप पिनिंग' आणि आयपॅडवर 'गाइडेड अ‍ॅक्सेस' चालू करा.

बोटाने अजिबात जमत नसेल तर स्विच. मोठं गोल बटण असतं, ते मुठीने, कोपराने, गुडघ्याने किंवा डोक्याच्या बाजूने दाबता येतं. चौकटी एकेक करून उजळतात आणि हवी ती उजळली की मूल दाबतं. यात एक अडचण आहे. चौकट येईपर्यंत वाट बघायची आणि तोवर उत्तर डोक्यात धरायचं, हा आणखी एक भार स्मृतीवर पडतो. म्हणून स्विचने खेळणाऱ्या मुलाला एक पायरी खालून सुरू करा आणि त्याची तुलना बोटाने खेळणाऱ्या मुलाशी करू नका.

स्विचही नको असेल तर नजर. मूल बघेल त्या चौकटीवर तुम्ही बोट ठेवा. यात आई म्हणजे फक्त बोट. "नक्की?" असं विचारायचं नाही, भुवया उंचवायच्या नाहीत, बरोबर चौकटीकडे आपण बघायचं नाही. मुलं आपल्या चेहऱ्यावरून उत्तर वाचतात. माझा लेक आठवडाभर माझा श्वास ऐकून उत्तरं देत होता.

यानंतर हाताची परीक्षा घ्या. आठवायला काहीही ठेवू नका. एक चौकट उजळलेलीच ठेवा आणि ती दाबायला सांगा, असं दहा वेळा. दहापैकी निदान नऊ वेळा तरी बोट बरोबर जागी पडत नसेल तर स्मृतीचा खेळ सुरू करू नका. चौकटी मोठ्या करा, संख्या नवावरून चारवर आणा, बसणं पुन्हा तपासा. आमच्या बेडकांच्या खेळात ही परीक्षा घेतली तेव्हा दहापैकी सहा आले. सगळा उलगडा तिथे झाला.

खेळ

विकतच्या कार्यक्रमाकडे जाण्याआधी 'जीकॉम्प्री' बघा. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा हा संच फुकट आहे. लॅपटॉपवर आणि अँड्रॉइडवर चालतो, जाहिराती नसतात. त्यात चित्रांच्या आणि आवाजाच्या जोड्या लक्षात ठेवायचे खेळ आहेत. खेळ निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते: घड्याळ बंद करता येतं का. वेळेची टिकटिक असलेला खेळ सीपीच्या मुलाला देऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

आमच्या घरी खरं काम झालं ते पॉवरपॉइंटमध्ये स्वतः केलेल्या खेळाने. पहिल्या स्लाइडवर काळ्या पार्श्वभूमीवर एकच चित्र, दुसरीवर दुसरं. दोन्ही दोन-दोन सेकंदांनी आपोआप पुढे जातील असं ट्रान्झिशनमध्ये ठरवा. नंतर दोन सेकंदांची कोरी स्लाइड, ती गाळू नका, कारण धरून ठेवण्याचा सराव तिथेच होतो. मग चार मोठ्या चित्रांची स्लाइड: पहिलं कुठलं होतं? बरोबर चित्राला पुढच्या स्लाइडची लिंक द्या, बाकीच्या तिघांना पहिल्या स्लाइडची. म्हणजे चुकलं की रागाचा आवाज न होता तीच जोडी पुन्हा दिसते. 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'किऑस्क' निवडायला विसरू नका. नाहीतर स्क्रीनवर कुठेही बोट लागलं की स्लाइड पुढे पळते.

चित्रं त्याच्या जगातली घ्या. आमच्याकडे बेस्टची लाल बस, वडापाव, आजीचा चष्मा आणि शेजारच्यांची मांजर आहे. आवाजाच्या खेळासाठी आजीचा आवाज रेकॉर्ड केला. त्याला तो टॅबमधल्या आवाजापेक्षा लवकर कळतो.

आकड्यांचा खेळ करताना एक ते नऊच घ्या. मराठीत सत्तेचाळीस ऐकताना आधी सात कानावर पडतो, लिहिताना आधी चार येतो. म्हणजे प्रत्येक आकडा डोक्यात उलटा करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. त्या वादात मला पडायचं नाही, पण कार्यस्मृती कच्ची असलेल्या मुलाला हा फरक जड जातो हे मी रोज बघते.

रोजचा सराव

पंधरा मिनिटांपासून सुरू करा. आठवड्याला पाच दिवस. पंचवीस सेशन पाच आठवड्यांत झाले नाहीत आणि आठ आठवडे लागले तरी हरकत नाही. थेरपीहून, लोकलच्या गर्दीतून घरी आल्यावर बसवू नका. कन्नमवार नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी पाणी भरण्याची धांदल आणि संध्याकाळी सातनंतर शेजारच्या तिन्ही घरांच्या मालिका. आम्हाला शांतता मिळाली ती दुपारी चार ते साडेचार. तुमची वेळ शोधा आणि तीच ठेवा.

दहापैकी आठ बरोबर आले, आणि तेही लागोपाठ दोन दिवस, तर एक चित्र वाढवा. पाचपेक्षा कमी आले तर त्याच सेशनमध्ये एक कमी करा. शेवटचा डाव नेहमी त्याला येणारा ठेवा. मूठ आवळली, लाळ वाढली, डोकं एका बाजूला कलंडू लागलं की थांबा, घड्याळात सातच मिनिटं झाली असली तरी.

वहीत प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा. नजर बरोबर होती आणि हात चुकला तर 'ह', नजरच चुकली तर 'स'. अ‍ॅपचे गुण बघू नका, ही अक्षरं बघा. 'ह' वाढले तर बसणं आणि सेटिंग तपासायचं. 'स' वाढले तर खेळ सोपा करायचा, किंवा झोप, ताप, दुखणं बघायचं.

स्क्रीनवरून घरात

पॉवरपॉइंटमध्ये दोन गोष्टी जमल्या त्याच दिवशी घरात दोन गोष्टी सांगा. सांगण्याआधी त्याला थांबवा, तो तुमच्याकडे बघेपर्यंत गप्प राहा, मग सांगा आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. बोलत नसेल तर त्याने चित्रांवर दाखवावं. चालता चालता पुटपुटायला शिकवा: "टॉवेल, कंगवा, टॉवेल, कंगवा." सोपी युक्ती आहे, पण त्याला आपली आपण सुचली नव्हती.

आमची फॉलो-अपची वाट विक्रोळी ते परळ, धिम्या लोकलच्या दिव्यांग डब्यातून. घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर, परळ. "पुढील स्थानक" ऐकू आलं की आम्ही खेळतो: मागची तीन उलट्या क्रमाने सांग. सुरुवातीला घाम फुटायचा. दोन-तीन महिन्यांत ती यादी पाठ झाली, आणि पाठ झालेल्या गोष्टीला कार्यस्मृती लागत नाही. मग आम्ही एक सोडून एक सांगू लागलो. खेळ सोपा झाला की बदलावा लागतो, तो स्क्रीनवरचा असो वा लोकलमधला.

शाळेत बाईंना लेखी द्या: एका वेळी एकच सूचना, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद, उत्तराला दुप्पट वेळ. सराव चालू आहे म्हणून या सवलती सोडू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे सवलती मिळण्याचा हक्क आहे.

मोजायचं कसं

सुरुवातीलाच, पहिल्या सेशनच्या आधी, घरातली तीन कामं ठरवा आणि ती सरावात घेऊ नका. आमची होती: दुकानातून तीन वस्तू, दप्तरात तीन पुस्तकं, आजीला फोनवर दोन निरोप. पहिल्या आठवड्यात, पंचवीस सेशननंतर आणि पुढे तीन महिन्यांनी ती करून बघा. पंचवीस सेशननंतर या तिन्हींत काहीच हललं नाही तर सराव थांबवा आणि तो वेळ याद्या, चित्रफलक, फोनमधले गजर यांना द्या. आठवायची गरजच कमी करणं हाही चांगला उपाय आहे, आणि काही मुलांसाठी तोच जास्त चांगला.

फॉलो-अपला जाताना वही न्या. ओटी मॅडमना अ‍ॅपचे आलेख दाखवत बसू नका, तेवढा वेळ ओपीडीत नसतो. पहिल्या आठवड्याचं पान, शेवटच्या आठवड्याचं पान आणि तीन कामांचं पान, एवढी तीनच उघडून ठेवा. आमच्या तिसऱ्या पानावर शेवटची नोंद आहे: "मंगळवार. दुकान. पोहे, साबण, काडेपेटी. काडेपेटी राहिली. सोसायटीच्या गेटपाशी आठवली. परत गेला."